चालतंय ना? मग झालं!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही चिडून. परवा एका नव्या प्रोजेक्टची बिल्ड स्क्रिप्ट उघडली आणि वरच्या बाजूलाच त्या दोन ओळी दिसल्या. "स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग: नो." आणि खाली "यूजर नोन होस्ट्स फाइल: डेव्ह नल." ज्यांना कळलं त्यांनी कपाळावर हात मारला असेल. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी (काकू, हे मुख्यतः तुझ्यासाठी, कारण "तू ऑफिसात दिवसभर नक्की करतोस काय" हे तू दर गणपतीत विचारतेस) जरा विस्ताराने सांगतो. बाकीच्यांनी मधले दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

आम्ही जो कोड लिहितो तो एका सर्व्हरवर ठेवलेला असतो. नुसता ठेवलेला नसतो, तर कोणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली याची सगळी नोंद तिथे राहते. काकू, तुला सातबारा माहीत आहे. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाची ते दिसतं, पण ती त्याच्याकडे कशी आली ते बघायला फेरफार नोंदवही काढावी लागते. आमचा हा सर्व्हर म्हणजे फेरफार नोंदवही. पूर्वी सीव्हीएस होतं, मग सबव्हर्जन आलं, २००५ पासून गिट आहे. सर्व्हर असतो सातासमुद्रापार आणि आम्ही इथे पुण्यात बसून त्याच्याशी एसएसएच नावाच्या बंद नळीतून बोलतो.

आता प्रश्न असा की नळीच्या पलीकडे बसलेला तो खरंच आपला सर्व्हर आहे, की त्याच्या नावाने दुसराच कोणी बसलाय? यासाठी प्रत्येक सर्व्हरची स्वतःची एक किल्ली असते, तिला होस्ट की म्हणतात. पहिल्यांदा जोडणी करताना तुमचं मशीन त्या किल्लीचा ठसा दाखवतं आणि विचारतं, हा ओळखीचा आहे का? तुम्ही यस म्हणालात की ठसा लिहून ठेवतं. पुढच्या वेळी ठसा जुळला तर गप्प बसतं. नाही जुळला तर मात्र मोठ्या अक्षरांत बोंब मारतं, की समोरच्याची ओळख बदलली आहे, कदाचित कोणी तरी काही वाईट करत असेल, आणि दार उघडत नाही. गावाकडे आजी संध्याकाळनंतर कडी काढायच्या आधी "कोण?" म्हणून विचारायची. बाहेरून नुसतं "मी" आलं तर उघडायची नाही, नाव सांगावं लागायचं. काका स्वतःच्याच घराबाहेर पावसात उभे राहून वैतागायचे, पण आजीने ती पद्धत सोडली नाही.

वर ज्या दोन ओळी सांगितल्या त्यांचा अर्थ एवढाच, की आता विचारू नकोस. पहिली म्हणते, कोणीही आला तरी उघड. दुसरी म्हणते, ठसा लिहूनही ठेवू नकोस म्हणजे उद्या जुळतो की नाही हा प्रश्नच येणार नाही. नुसती पहिली ओळ असेल तर एसएसएच निदान कुरकुर तरी करतं, बदललेल्या ठशाची सूचना छापतं आणि अशा सर्व्हरला पासवर्ड द्यायचं नाकारतं. दुसरी ओळ टाकली की तेही बंद.

तर गोष्ट २०२३ ची. २२ मार्चला पाडवा झाला होता आणि २४ तारखेला शुक्रवार होता. आमचा कोड गिटहबवर. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला ऑफिसात एकेकाचं "अरे, माझं पुल होत नाहीये" सुरू झालं. गंमत म्हणजे सगळ्यांचं बंद नव्हतं. निम्म्यांचं व्यवस्थित चालू होतं. त्यामुळे पहिली वीस मिनिटं "तुझंच मशीन बिघडलंय", "व्हीपीएन काढून बघ", "रीस्टार्ट मार" यातच गेली. (गिटहबकडे होस्ट की एकाच प्रकारची नाही. आरएसए ही जुनी, आणि नंतर आलेल्या आणखी दोन. ज्यांच्या मशीनने जुनी लिहून ठेवली होती तेवढेच अडले. पण हे कळायला स्क्रीनवरचा मजकूर वाचावा लागतो.)

तेवढ्यात आमच्यातल्या एका अनुभवी माणसाने ऑफिसच्या चॅटवर त्या दोन ओळी टाकल्या. "ह्या कॉन्फिगमध्ये पेस्ट करा, चालेल." आणि चाललं! धडाधड अंगठे आले, कोणी हात जोडले, कोणी "गुरुदेव" म्हटलं. दुपारी तीनला क्लायंटला डेमो होता, त्यामुळे साहेबांचा जीव भांड्यात पडला.

एक मुलगी मात्र अडून बसली. वर्षभरापूर्वी कॉलेजातून आलेली, कमी बोलणारी. तिने चॅटवर लिहिलं, "ही की बदलल्याचं त्यांनी कुठे जाहीर केलंय का? बघितल्याशिवाय चेक बंद करणं बरोबर आहे का?" दोन ओळींचा साधा प्रश्न. उत्तर चॅटवर आलं नाही. साहेब उठून तिच्या जागेपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिक्युरिटी ऑडिट तुझ्याकडे दिलेलं नाहीये. वीस जणांचं चालतंय, तुझंच का अडलंय? पेस्ट कर आणि पुढे हो."

तिने माझ्याकडे बघितलं. कारण रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात "ठसा जुळला नाही तर आधी थांबायचं, मग विचारायचं" हे तिला शिकवणारा मीच होतो. आणि मी मॉनिटरकडे बघत बसलो.

बारा वाजायच्या आत तिनेच शोधून काढलं. गिटहबने त्यांच्या ब्लॉगवर लिहिलं होतं: त्यांची आरएसए होस्ट की, म्हणजे गुप्त ठेवायची ती खाजगी किल्ली, थोड्या वेळासाठी त्यांच्याच साइटवरच्या एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. गैरवापर झाल्याची चिन्हं नव्हती, पण खबरदारी म्हणून त्यांनी ती बदलली होती. भारतातल्या वेळेप्रमाणे साधारण सकाळी साडेदहाला. नव्या किल्लीचा ठसा तिथेच छापला होता. काम पाच मिनिटांचं होतं. जुना ठसा आपल्या फाइलीतून काढायचा, नवा आला की ब्लॉगवरच्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचा, मग यस. तिने तसं केलं आणि दुवा चॅटवर टाकला. साहेबांचं उत्तर: "बघ, म्हटलं नव्हतं? काहीच नव्हतं."

हे जे "काहीच नव्हतं" आहे ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

काहीच नव्हतं कसं? किल्ली बाहेर पडली होती. ती कोणाच्या हाती लागली असती तर तो गिटहब बनून आमच्यासमोर उभा राहू शकला असता, आणि आमच्या मशीननी ओळखीचा म्हणून त्याला आत घेतलं असतं. म्हणून तर त्यांनी कुलूप बदललं. आणि ज्या दिवशी त्यांनी कुलूप बदललं नेमक्या त्याच दिवशी आम्ही वीस जणांनी ओळख विचारणंच बंद करून टाकलं. म्हणजे त्या दिवसापासून आम्हाला फसवायला कुठलीही चोरलेली किल्ली लागणार नव्हती.

यावर एक हुशारीचा युक्तिवाद होतो, तो मी जेवणाच्या टेबलावर ऐकला. "आपण पासवर्ड वापरतच नाही, स्वतःची की-जोडी वापरतो. मधल्या माणसाला त्यातून काय मिळणार?" अर्धं खरं आहे. एसएसएचमध्ये आपण जी सही देतो ती त्याच एका संभाषणापुरती असते, मधला माणूस ती घेऊन खऱ्या सर्व्हरवर आपल्या नावाने शिरू शकत नाही. मान्य. पण तुम्ही पुश केलेला कोड तो खुशाल ठेवून घेईल. आणि तुम्ही क्लोन मागितलंत तर त्याला हवा तो कोड देईल, आणि तुमचं बिल्ड मशीन तो इमानेइतबारे बांधून क्लायंटकडे पाठवेल. एचटीटीपीएसवर तर याच्याही पुढचा प्रकार. तिथे "एसएसएल व्हेरिफाय फॉल्स" करणारे महाभाग आहेत, त्यांचा टोकन सरळ समोरच्याच्या हातात जातो.

दुसरा युक्तिवाद: "शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ही बोंब खोटी असते." आकडा कोणी मोजलेला नाही, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं हे मला पटतं. सर्व्हर नव्या मशीनवर हलवला, ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकली, आयपी पत्ता दुसऱ्याला गेला. पण ते साधं आहे हे कळतं कसं? विचारल्यावर! आमच्या दोन ओळी विचारत नाहीत, त्या सरसकट सगळ्यालाच साधं ठरवतात.

नोव्हेंबर २००३ ची गोष्ट आठवा. लिनक्सच्या कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपरमध्ये असायचा आणि लोकांच्या सोयीसाठी त्याची एक नक्कल सीव्हीएस सर्व्हरवर. कोणी तरी त्या सीव्हीएस सर्व्हरवर शिरून दोन ओळी घातल्या. वरवर बघता चुकीच्या वापराची तपासणी करणाऱ्या ओळी. पण तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हं लागतात तिथे एकच टाकलेलं, म्हणजे "शून्य आहे का?" असं न विचारता "शून्य कर". आणि लिनक्समध्ये यूजर शून्य म्हणजे रूट, यंत्राचा मालक! हे सापडलं कसं? सीव्हीएसमधली नक्कल मूळ नोंदींशी जुळेना म्हणून. एका फाइलीतला एवढासा फरक. तिथे बसलेला माणूस "कंपाइल होतंय ना, मग झालं" म्हणाला नाही. मूळ कोडात तो बदल कधी गेलाच नाही, पण थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर...

आणि जानेवारी २०११ मध्ये सोर्सफोर्जवर हल्ला झाला तेव्हा तर हल्लेखोरांनी एसएसएचचा सर्व्हरच पासवर्ड टिपून घेईल असा बदलून ठेवलेला सापडला होता. त्यांना सगळ्यांचे पासवर्ड रद्द करावे लागले. म्हणजे कोड ठेवायच्या सर्व्हरशी असले उद्योग कोण करणार, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं माहीत होतं तर त्या शुक्रवारी तोंडात मिठाची गुळणी का धरली होती?

सांगतो. मे २००८. तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. क्लायंट अमेरिकेत, त्यांचा सबव्हर्जन सर्व्हर डेबियनवर, आणि आम्ही इकडून एसएसएचवरून जोडायचो. त्याच महिन्यात डेबियनमधला तो प्रसिद्ध घोळ जाहीर झाला. ओपनएसएसएलच्या त्यांच्या आवृत्तीतून २००६ साली एका दुरुस्तीच्या नादात यादृच्छिक आकडे जमवणारा भागच निकामी झाला होता. किल्ली कुठली बनणार हे जवळपास प्रोसेसच्या क्रमांकावरच ठरायचं. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फार तर बत्तीस हजारांच्या आसपास! कोणीही सगळ्या बनवून ठेवाव्यात. जगभरच्या सर्व्हरवाल्यांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. आमच्या क्लायंटच्या माणसानेही बदलल्या, त्यांच्या दिवसा, आमच्या रात्री.

सकाळी ऑफिसात आलो तर समोर ती बोंब. तिकडे सगळे झोपलेले, विचारायचं कोणाला? डोक्यावर रिलीज. मी इंटरनेटवर शोधलं, दोन ओळी सापडल्या, टाकल्या, चाललं. इतका खूश झालो की ऑफिसच्या विकीवर स्वतंत्र पान लिहिलं, "एसएसएच एरर आणि उपाय". स्क्रीनशॉटसकट! संध्याकाळी क्लायंटच्या माणसाची मेल आली, नव्या ठशासह, का बदलला ते समजावून. व्यवस्थित लिहिलेली मेल होती. कोणी उघडून बघितली नाही. चालत होतं ना.

मी २०११ मध्ये ती कंपनी सोडली तेव्हा विकीवरचं ते पान तसंच होतं, आणि नव्या पोरांना पहिल्या दिवशी द्यायच्या यादीत त्याचा समावेश झाला होता. त्या पोरांतली किती जण आज कुठे कुठे "अनुभवी माणूस" म्हणून बसली असतील आणि कोणाकोणाच्या चॅटवर त्या दोन ओळी टाकत असतील, देव जाणे. तेव्हा २०२३ च्या त्या शुक्रवारी साहेबांना काही सांगायला तोंड उघडणार तर आधी हे पान डोळ्यांसमोर आलं. ही सबब नाही. गप्प बसायचं कारण सांगितलं एवढंच.

दोष एकट्या वापरणाऱ्याचा नाही, हेही लिहायला हवं. पहिल्यांदा जोडताना मशीन जो ठसा दाखवतं तो आम्ही कशाशी ताडायचा? गिटहबसारखे मोठे लोक ठसे छापून ठेवतात, पण ऑफिसातल्या स्वतःच्या सर्व्हरचा ठसा कुठे लिहिलेला असतो का? मी काम केलेल्या चार जागांपैकी एकाही ठिकाणी नव्हता. पुण्यात गुरुवारी पाणी येणार नसेल तर ते आधी पेपरात छापून येतं. आमचे सिस्टिमवाले रविवारी सर्व्हर बदलतात आणि सोमवारी सकाळी आम्ही मेलो का जगलो ते बघतात. मग लोक डोळे मिटून यस दाबायला शिकतात यात नवल काय? सबव्हर्जनच्या दिवसांत सर्टिफिकेट ओळखीचं नसेल तर तीन अक्षरांतून निवडायचं असायचं, नाकारा, तात्पुरतं घ्या, की कायमचं घ्या. आम्ही सगळे कायमचंवालं "पी" दाबायचो. का, तर पुन्हा विचारायला नको.

आणि त्या एररचा मजकूर! शेवटी येणाऱ्या ओळी दरवेळी त्याच, की रिपॉझिटरी वाचता आली नाही, तुमचे हक्क आणि रिपॉझिटरी तपासा. लोक त्याच ओळींचा स्क्रीनशॉट काढून पाठवतात. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या वरच्या ओळीत असतं. नाव सापडलं नाही, की पोर्ट २२ बंद आहे, की ठसा जुळला नाही, की तुमची किल्ली त्यांनी नाकारली. चार वेगळे आजार, चार वेगळे उपाय. "व्ही" लावून तीच आज्ञा पुन्हा दिली तर एसएसएच कुठपर्यंत पोचलं ते पायरीपायरीने सांगतं. पण वाचायला वेळ नाही म्हणून आम्ही फोल्डरला ७७७ परवानगी देतो. मग किल्लीची फाइल सगळ्यांना उघडी झाली म्हणून एसएसएच तिला हात लावायला नकार देतं, आणि आम्ही म्हणतो, बघा, आता तर नवीनच एरर आली.

सुधारणा होत नाहीत असं नाही. २०१७ च्या ओपनएसएसएचमध्ये मधला पर्याय आला. नवा सर्व्हर असेल तर आपोआप लिहून घे, पण ओळखीच्याचा ठसा बदलला तर अडव. २०१९ पासून तर यस लिहायच्या जागी तुमच्याकडचा ठसा चिकटवला तर तो स्वतः जुळवून बघतो. घाई असलेल्यांसाठी यापेक्षा सोपं काय हवं? पण विकीवरची पानं २००८ चीच राहतात.

असो. परवाच्या स्क्रिप्टमधल्या ओळी मी काढल्या. लगेच बिल्ड बंद पडलं, कारण त्या मशीनवर कुठलाच ठसा कधी लिहिलेला नव्हता. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला, त्याने तिकडे बसून ठसा वाचला, मी इकडे ताडला. ४३ अक्षरं आहेत, तीनदा चुकलो. तो हसत होता, "सर, यासाठी आजवर कोणी फोन केला नाही." दीड दिवस गेला एकूण, आणि तो दीड दिवस कुठे गेला म्हणून आता मला मेल आली आहे. उत्तर लिहायचंय.

त्या मुलीने २०२३ च्या दिवाळीनंतर नोकरी बदलली, आता बंगळुरूला असते. परवा रात्री तिला मेसेज केला. त्या शुक्रवारी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही, सॉरी. विकीच्या पानाचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "इट्स ओके सर. ते पान अजून आहे का हो? कोणाची ओळख असेल तर काढायला सांगा ना."

त्या कंपनीत आता माझ्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी तिथे असेल तर कृपया कॉमेंटमध्ये लिहा. पानाचं नाव वर दिलंच आहे.